तळमजल्याचे तारे

नवे कपडे काकू शिवत नसत. कुणाची पँट लांब झाली, कुणाचा कोट पोटावर बसेना, कुणाच्या स्कर्टची चेन निघाली, की लोक त्यांच्याकडे येत. म्हणून गल्लीत त्या ‘दुरुस्तीवाल्या काकू’. त्यांचे यजमान ‘लिफ्टवाले’, कारण त्यांनी उभा जन्म उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता. दोघांचीही कामं दुरुस्तीचीच, पण असं म्हटलेलं लिफ्टवाल्यांना खपत नसे. “कापड फाटलं म्हणून माणूस मरत नाही,” असं ते म्हणत. तसं ते बरंच काही म्हणत. त्यांच्या जिभेला हाड नाही हे त्यांची लेक कौतुकानं सांगायची; काकू ते नुसतं सांगायच्या.

लिफ्टवाल्यांना विलायती गाण्यांचं वेड होतं. ज्या इंग्रज इंजिनियरच्या हाताखाली ते काम शिकले, तो मायदेशी परतताना रेकॉर्डींचं एक खोकं त्यांच्या गळ्यात घालून गेला होता. त्यातल्या निम्म्या रेकॉर्डी झुलपंवाल्या पोरांच्या बँडच्या, प्रेम जमलं आणि प्रेम मोडलं याखेरीज तिसरा विषय नसलेल्या. उरलेल्या विनोदी गाण्यांच्या. त्यात कुणी सभ्य गृहस्थ पियानोवर बसून हवामानावर, उशिरा येणाऱ्या गाडीवर, शेजाऱ्याच्या कुत्र्यावर अगदी गंभीर आवाजात गाणी म्हणायचा आणि मागे लोक खो खो हसायचे. लिफ्टवाले इंग्रजी शिकले ते या रेकॉर्डींवर. पुढे पदरमोड करून त्यांनी त्या खोक्याचं कपाट केलं.

निवृत्त झाल्यावर लेकीनं त्यांना एक साइट दाखवली. विलायती पॉप आणि विनोदी गाण्यांचे अल्बम ऐकणारे लोक तिथे आपापली मतं मराठीत लिहीत आणि अल्बमला एक ते पाच तारे देत. खरं नाव कुणी लावत नसे. लिफ्टवाल्यांनी ‘तळमजला’ हे नाव घेतलं आणि कामाला लागले. पाच तारे त्यांनी कधीच कुणाला दिले नाहीत. ज्या अल्बमला साऱ्या दुनियेनं डोक्यावर घेतलं, त्याला ते हटकून दोन द्यायचे. एका गायकाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, ‘हा नाकातून गातो, आणि नाकही उसनं आणलेलं वाटतं.’ लोक चिडायचे आणि वाचायचे. नवा माणूस साइटवर आला की जुने त्याला सांगायचे, तळमजल्यानं एक तारा दिला तर मनाला लावून घेऊ नकोस.

एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातला वस्तरा बेसिनमध्ये पडला. काकूंना वाटलं, घसरला असेल. त्यांनी आत डोकावून पाहिलं तर लिफ्टवाले आरशात स्वतःकडे बघत उभे होते आणि तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता.

इस्पितळातून घरी आले तेव्हा उजवा हात लुळा, पाय फरफटायचा, जीभ जड. डोळे शाबूत होते, पण अक्षरं पुढं-मागं पळायची. दोन ओळी वाचल्या की कपाळ ठणकायचं. कान तेवढे पूर्वीसारखे. काकूंनी त्यांचा पलंग पुढच्या खोलीत, रेकॉर्ड प्लेअरच्या शेजारी हलवला. शिलाई मशीन त्याच खोलीत खिडकीखाली होतं. आता गिऱ्हाइकं आली की पलंगाकडे न बघण्याचा प्रयत्न करत मापं देत.

दिवस उजाडायचा तो कामाला जुंपूनच. त्यांना उठवायचं, अंग पुसायचं, कूस बदलायची, कपडे घालायचे, घास भरवायचा, गोळ्या द्यायच्या, मग मशीनवर बसायचं. जेमतेम एका पँटची दुमड घालून होते न होते तोच रेकॉर्डची एक बाजू संपायची. “बाजू,” लिफ्टवाले म्हणायचे. काकू उठायच्या, रेकॉर्ड उलटायच्या, पुन्हा येऊन पायडलवर पाय ठेवायच्या. मागे ते विलायती लोक पुन्हा हसायला लागायचे. विनोदी गाण्यांतलं काकूंना अर्धंच कळायचं, आणि जे कळायचं त्यात इतकं हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही.

व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या, “काकू, हे बोलतच नाहीत. जीभ वळायला हवी तर बोलायला हवं. यांना आवडतं काय?”

“नावं ठेवायला,” काकू म्हणाल्या.

बाई हसल्या, पण काकूंनी रेकॉर्डींचा आणि साइटचा सगळा प्रकार सांगितल्यावर त्यांना तो एकदम पसंत पडला. “मग तेच करा. रोज एक मत त्यांनी सांगायचं, तुम्ही टाइप करायचं. याच्यासारखा व्यायाम नाही.”

लेक परगावी. तिनं फोनवरून सगळं समजावलं. “आई, तू फक्त ते म्हणतात तसं लिहायचं. त्यात काय?”

त्यात काय ते लेकीला कळायला ती त्या खोलीत असायला हवी होती. लिफ्टवाल्यांचं एक वाक्य बाहेर पडेपर्यंत चहा निवायचा. मधेच शब्द अडकायचा. ते डावा हात हवेत फिरवत राहायचे. काकू एकेक शब्द सुचवून बघायच्या आणि चुकीचा सुचवला की ते असं बघायचे की जणू आजार काकूंनीच आणला आहे. मग काकू टॅबलेटवर एका बोटानं अक्षर शोधायच्या. शिवायचे कपडे खुर्चीवर चढत जायचे.

पण लिफ्टवाल्यांची जीभ वळायला लागली, हे खरं. आणि पहिल्यांदा वळली ती तिखटाकडेच. ‘तिसऱ्या गाण्यात गिटारवाल्याला कुणीतरी धरून बसवायला हवं होतं.’ ‘विनोद एकदा हसवतो. दुसऱ्यांदा हसवलं तर ते गाणं. हा पहिल्यांदाही हसवत नाही.’ काकू इमानेइतबारे लिहीत होत्या. तारे एक, फार तर दोन.

पहिला बदल त्यांनी केला तो काही विचार करून नाही. त्या दिवशी एका लग्नाचे तीन कोट द्यायचे होते, कंबर भरून आली होती, आणि लिफ्टवाल्यांनी ढोल वाजवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला होता. काकूंनी त्यातलं एक वाक्य लिहिलंच नाही. डोळ्यांत झोप होती, एवढंच कारण. दुसऱ्या दिवशी कुणीतरी खाली लिहिलं होतं, ‘आज तळमजला नेमकं बोलला.’ काकूंनी ते वाचून दाखवलं. लिफ्टवाले खूश झाले.

मग रेनकोटचं प्रकरण झालं.

रेनकोट नावाचा एकजण साइटवर वरचेवर लिहायचा. त्यानं एका विनोदी अल्बमला पाच तारे दिले होते. कुणी इंग्रज बाई आपल्या विसराळू घरमालकावर गाणी म्हणते, असा तो अल्बम. रेनकोटनं लिहिलं होतं की त्याची आई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली होती तेव्हा ती दोघं रोज हा अल्बम लावायची. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण त्या बाईचा आवाज ऐकून ती हसायची, म्हणून तोही हसायचा. काकूंनी हे वाचून दाखवलं. लिफ्टवाले ऐकत होते. मग त्यांनी डावा हात उचलला, म्हणजे लिही.

“तुमच्या आईची,” ते म्हणाले, आणि थांबले. “तुमच्या आईची... कीव येते.”

काकूंचं बोट पडद्याच्या वर तसंच राहिलं.

“लिहिलंस?”

“लिहिते.”

त्यांनी लिहिलं, ‘तुमच्या आईंना ऐकून बरं वाटलं, हे बाकी सगळ्यापेक्षा मोठं. तुम्ही जवळ बसलात हेही.’ आणि पाठवून दिलं. अल्बमला नेहमीच्या एका ताऱ्याच्या जागी तीन दिले. मग त्या उठल्या आणि पाणी प्यायला आत गेल्या.

एकदा उसवलेली शिवण पुढे आपोआप उसवत जाते, तसं झालं. ‘टाकाऊ’च्या जागी काकू ‘जरा लांबलंय’ लिहायला लागल्या. ‘गाढव’च्या जागी ‘नवखा’. कधी लिफ्टवाले झोपेला आले की काकूच शेवटचं वाक्य पुरं करायच्या. तिकडे साइटवर कुजबुज सुरू झाली. लिफ्टवाल्यांचा एक जुना सहकारीही तिथे लिहीत असे; आजाराची बातमी त्यानं पोचवली होती. आजारपणानं तळमजल्याला माणसात आणलं, असं कुणी लिहिलं. कुणी लिहिलं, हल्ली तुमचं वाचून अल्बम ऐकावासा वाटतो. आता हे वाचून कसं दाखवणार? म्हणून काकूंना तीही उत्तरं बदलून वाचावी लागायची. लोक चिडलेत, म्हणून सांगावं लागायचं. लिफ्टवाले समाधानानं मान डोलवायचे. एका माणसाची सेवा करताना दोन तोंडांनी बोलायचं हे शिवणापेक्षा जास्त दमवणारं होतं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. लेक फोनवर म्हणायची, “बाबांना विरंगुळा मिळाला बघ.” काकू म्हणायच्या, “हो ना.”

पावसाळी हवेच्या एका दुपारी दारावर थाप पडली. काकूंना वाटलं, गिऱ्हाईक. दारात पन्नाशीचा एक जाडसर माणूस उभा होता, शाळेच्या बसचा ड्रायव्हर असावा, कारण तसा शिक्का त्याच्या शर्टावर होता. हातात कागदात गुंडाळलेली रेकॉर्ड.

“तळमजला इथेच राहतात का?” त्यानं विचारलं. “मी रेनकोट.”

साइटवरच्या त्या जुन्या सहकाऱ्यानं त्याला गल्लीचा पत्ता सांगितला होता. काकूंना त्याला आत घेण्यावाचून इलाज नव्हता.

ड्रायव्हर पलंगाशी खुर्ची ओढून बसला. आधी बुजला, मग बोलायला लागला. म्हणाला, “तुमच्या तिखट शब्दांना मी फार घाबरायचो. आईबद्दल लिहून झालं आणि वाटलं, आता तळमजला सालटी काढणार. रात्रभर चैन नव्हती. पण तुम्ही जे लिहिलंत ना, की तुम्ही जवळ बसलात हेही मोठं... मी ते बायकोला वाचून दाखवलं. आई गेल्यावर मला असं कुणी म्हटलं नव्हतं.”

लिफ्टवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मशीनपाशी उभ्या असलेल्या काकूंकडे पाहिलं. काकू हातातल्या कापडावर टाचण्या टोचत राहिल्या.

“हं,” लिफ्टवाले म्हणाले.

ड्रायव्हरला वाटलं, आजारी माणूस, एवढंच बोलणार. त्यानं रेकॉर्ड उशाशी ठेवली, पोरांना शाळेतून आणायची वेळ झाली म्हणाला, आणि जाताना त्यांचा लुळा हात दोन्ही हातांत घेतला. काकू त्याला दारापर्यंत सोडून आल्या.

“वाच,” लिफ्टवाले म्हणाले.

“काय वाचू?”

“सगळं. घरी आल्यापासून लिहिलेलं. आणि लोकांचंही. जसंच्या तसं.”

काकूंनी चष्मा लावला आणि वाचायला बसल्या. यावेळी त्यांनी एक अक्षर बदललं नाही. बदलायची ताकदही नव्हती. बाहेर गिऱ्हाईक येऊन हाक मारून गेलं, तरी त्या उठल्या नाहीत. लिफ्टवाले छताकडे बघत ऐकत होते. मधेच एकदा म्हणाले, “चार तारे? त्याला?” काकू म्हणाल्या, “हो,” आणि पुढे वाचत गेल्या.

वाचून झालं तेव्हा अंधारून आलं होतं.

“हा मी नाही,” लिफ्टवाले म्हणाले.

“नाही. ही मी आहे.”

“माझ्या नावावर.”

“तुमच्या नावावर.” काकूंनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. भांडायचा त्यांचा इरादा नव्हता; आवाज चढवायला अंगात जोर लागतो. “सकाळपासून तुमचं सगळं माझ्या हातानं होतं. अंघोळ, कपडे, जेवण, सगळं. माझी तक्रार नाही. पण त्या माणसाच्या मेलेल्या आईला माझ्या हातानं टोचून लिहा म्हणालात, ते हातानं ऐकलं नाही. काय करू?”

“मग सांगायचंस. नाही लिहीत म्हणून.”

“तुमचं बोलणं थांबलं असतं. बाई म्हणाल्या होत्या, बोलायला हवं.”

यावर ते काहीच बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही, पुढचे कित्येक दिवसही नाही. रेकॉर्ड लाव म्हणाले नाहीत. व्यायामाच्या बाई विचारून थकल्या. काकू घास भरवायच्या, ते तोंड उघडायचे, गिळायचे. खोलीत फक्त मशीनचा आवाज. काकूंना वाईट वाटत होतं, आणि त्याच्या जोडीला दुसरंही एक होतं, जे त्यांनी स्वतःशीसुद्धा मोठ्यानं कबूल केलं नाही. त्या दिवसांत त्यांना गाढ झोप लागायची. दर थोड्या वेळानं उठायचं नव्हतं, शब्द शोधायचे नव्हते, कुणाची कसलीही मतं सांभाळायची नव्हती. खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग उतरला.

मग एका सकाळी ते बोलले. “टेबल.”

“कसलं टेबल?”

“इकडे. डाव्या बाजूला.”

काकूंनी छोटं टेबल ओढून पलंगाच्या डावीकडे लावलं. त्यांनी ड्रायव्हरची रेकॉर्ड लावायला सांगितली. काकूंनी लावली. ती त्याच इंग्रज बाईची निघाली, दुसरा अल्बम. यात ती घर बदलते आणि नव्या घरमालकावर गाते. लिफ्टवाल्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, मग टॅबलेट मागितला. डाव्या हाताचं एक बोट पुढं केलं आणि टाइप करायला लागले. काकू मशीनवर बसल्या, पण कान तिकडेच. एक अक्षर उमटलं की ते डोळे मिटून थांबायचे, मग पुढचं शोधायचे. चुकलं की नाकातून आवाज काढायचे. काकूंना दोनदा उठावंसं वाटलं. त्या उठल्या नाहीत.

दुपारी त्यांनी टॅबलेट काकूंच्या दिशेनं सरकवला. “शुद्धलेखन बघ. तेवढंच.”

त्यावर लिहिलं होतं:

‘ऐकला. बाई चांगली गाते. मधे झोप लागली. दोन तारे. माझ्या आजारपणातले अभिप्राय माझ्या बायकोचे आहेत. ते काढू नका. तिला गाण्यातलं कळत नाही, म्हणून तारे जास्त पडलेत.’

काकूंनी एक वेलांटी सुधारली आणि परत दिलं. “झोप लागली हे कशाला लिहिता? त्यानं एवढ्या प्रेमानं आणून दिली.”

“लागली म्हणून लिहिलं.”

“बरं.”

ड्रायव्हरनं खाली उत्तर दिलं की मलाही तिसऱ्या गाण्याला डुलकी येते. ते काकूंनी वाचून दाखवलं, जसं होतं तसं. साइटवरच्या लोकांनी मात्र नवंच खूळ काढलं. तळमजल्याच्या बायकोनं वेगळ्या नावानं लिहावं, असा आग्रह सुरू झाला. कुणी तिच्यासाठी नावंही सुचवली. लेकीनं फोन करून सांगितलं, “आई, लिही ना. तुला छान जमतं.”

“मला नाही लिहायचं,” काकू म्हणाल्या.

“अगं, पण का? सगळ्यांना आवडतंय.”

“मी दमलेय गं,” काकू म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांनी हे पहिल्यांदा तोंडानं म्हटलं. लेकीनं विचारलं, “खूप?” आणि काकूंनी, दोऱ्याचं रीळ हातात फिरवत, सांगितलं की खूप.

पुढच्या आठवड्यापासून सकाळी एक मदतनीस यायला लागला. इस्पितळात रुग्णांची उचलठेव करून निवृत्त झालेला उंच माणूस, बोलण्यात अघळपघळ, हातानं हलका. लेकीनं तिकडूनच चौकश्या करून ठरवला. पहिल्या दिवशी काकू त्याला सगळं दाखवत त्याच्या मागे मागे फिरल्या. औषधं इथे, टॉवेल तिथे, या पायाला असा आधार द्यायचा. शेवटी तो म्हणाला, “बाई, तुम्ही जरा बाहेर जाऊन या. मला हे येतं.”

काकूंनी चपला घातल्या. दोरा आणायचाय, असं सांगून निघाल्या. दोरा घरात भरपूर होता. त्या औषधांच्या दुकानापलीकडच्या बागेत जाऊन बाकावर बसल्या. कुणी हाक मारली नाही. समोर एक माणूस गवत कापत होता. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. जाग्या झाल्या तेव्हा गवतवाला गेला होता आणि मान आखडली होती.

घरी परतल्या तर जिन्यातच वाद ऐकू आला.

“आजोबा, मला तर हे गाणं झकास वाटलं,” मदतनीस म्हणत होता. “मी हसलो की मोठ्यानं.”

“तू,” लिफ्टवाले म्हणाले, आणि शब्द अडकला. मग सुटला. “तू कशालाही हसशील.”

“मग काय वाईट आहे त्यात?”

काकू आत आल्या. लिफ्टवाल्यांची दाढी झाली होती, केस विंचरलेले होते, आणि ते उशांना टेकून ताठ बसले होते. त्यांनी डाव्या हातानं मदतनिसाकडे बोट केलं. “याला काही कळत नाही,” ते म्हणाले.

“मग तुमचं जमेल,” काकू म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवायला उजेडाकडे वळल्या.